मुठीवरचं नाव

जळगावच्या त्या दुकानदाराने केटलबेल उचललं आणि माझ्या भावाच्या हातात दिलं. व्यायाम मी करणार होते. "स्पर्धेचं, सोळा किलोचं दाखवा," असं मीच म्हटलं होतं. दुकानात पहिलं पाऊलही माझंच पडलं होतं. तरी त्याने ते भावाकडे दिलं, आणि भावानेही केळीचा घड जोखावा तसं ते दोनदा खालीवर केलं आणि "वजन आहे हो," असं मत दिलं. मला हसू आलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर अशा गोष्टींना हसायची माझी ताकद संपली आहे. उरलीसुरली मी दुसऱ्या कामासाठी राखून ठेवते.

केटलबेल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या सासरी त्याला अजून कुलूपच म्हणतात. लोखंडाचा गोळा, खाली बसायला सपाट बूड आणि वर धरायला जाड कडी, म्हणजे मूठ. दुरून खरंच एखाद्या गोदामाचं गोल कुलूप वाटतं. ते दोन पायांमधून झोका देऊन वर आणायचं, छातीशी टेकवायचं, मग डोक्यावर सरळ हात करून थांबवायचं, आणि पुन्हा खाली. बघणाऱ्याला त्यात काही विशेष दिसत नाही. बघणारा सहसा पंख्याखाली बसलेला असतो.

मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. खुर्चीने माझी कंबर खाल्ली. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर व्यायामही सांगितला. कचेरीतल्या एका बाईने एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिथे एक जुने पैलवान मुलामुलींना घाम गाळायला लावत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. मी गेले ती कंबरेसाठी. पहिल्या दिवशी सरांनी एक छोटं केटलबेल हातात दिलं, झोका कसा द्यायचा ते दाखवलं, आणि मला एकदम लहानपणी शेताच्या बांधावरून पळायचे तसं वाटलं. कोणी बघत नाही, कोणी थांबवत नाही आणि अंगात काहीतरी मोकळं होतं. मी रोज जायला लागले. कंबर बरी झाली तरी जात राहिले.

मग सरांनी खेळाचे नियम सांगितले. दहा मिनिटं. एका हाताने सुरू करायचं, मध्ये एकदाच हात बदलायचा. जेवढ्या वेळा वर नेऊन स्थिर कराल, तेवढे गुण. दमलात तर वर थांबा, छातीशी थांबा, पण खाली ठेवायचं नाही. खाली ठेवलं की खेळ संपला. हे ऐकून मी सरांना म्हटलं, हा खेळ नक्की कोण्या बाईने काढला असणार. सरांना विनोद कळला नाही. घरी नवऱ्याला सांगितला तर त्यालाही नाही कळला.

पावसाळ्याच्या तोंडावर राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी जळगावला होणार होती. माझ्या वयोगटात सोळा किलोचं उचलायचं होतं. सर म्हणाले, "तुमची जागा पक्की धरा, फक्त सराव तुटू देऊ नका." त्या वाक्यानंतर मला दुसरं काही दिसेना. मला राज्याला जायचं होतं. त्यात समाजकार्य नव्हतं, प्रेरणा नव्हती, मुलींपुढे आदर्श वगैरे ठेवायचा नव्हता. मला पाठीवर जिल्हा छापलेला टी-शर्ट घालून एका मोठ्या हॉलमध्ये उभं राहायचं होतं, आणि माझ्याकडून काहीतरी मोजलं जावं असं वाटत होतं. दहावीत असताना मी कबड्डीच्या संघात होते. संघ भुसावळला खेळायला निघाला तेव्हा वडिलांनी पाठवलं नाही. आबांनी आवाज चढवला नव्हता, "काही गरज नाही," एवढंच म्हणाले होते. ते इतक्या शांतपणे म्हणाले की भांडायलाही जागा उरली नाही.

शेडमध्ये सोळाचं चांगलं केटलबेल एकच, आणि त्याच्यासाठी रांग. माझा वेळ सकाळचा, सगळ्यांचे डबे भरायच्या आधीचा. घरी स्वतःचं असल्याशिवाय सराव होणार नव्हता. मी पैसे बाजूला टाकतच होते, तेवढ्यात भावाचा फोन आला.

भाऊ माझ्याहून मोठा. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, तापीच्या काठाला आमची केळी आहे. ती आता तोच बघतो, आणि माय त्याच्याकडेच असते. आबा जाऊन वर्ष होत आलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागरही भरतात. त्यामुळे त्या सणाला एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात पाणी ठेवावं लागतं, आणि आमच्याकडच्या बायकांना ते फार छान जमतं.

"मागची आखाजी तं सुतकातच गेली, आबा गेल्यावरची ही पहिली," भाऊ फोनवर म्हणाला. "यंदा लुगडंबिगडं राहू दे. तुले काय पाहिजे ते माग."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. दरवर्षी वहिनी दुकानात जायची आणि मला जांभळी साडी यायची. जांभळा मला आवडत नाही हे मी एकदा सांगितलं होतं, तर पुढच्या वर्षी फिक्कट जांभळी आली. म्हणून मी जराही संकोच न करता म्हटलं, "मला केटलबेल पाहिजे."

त्याने तिकडे पंखा बंद केला. मग, "कोनती बेल?"

मी समजावलं. त्याने ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. तो हसला नाही. "चाल, जयगावले जाऊ, तूच पसंत कर," म्हणाला. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "माणूस बदलतो बरं का." नवरा "हं" म्हणाला. माझ्या माहेरच्या बाबतीत तो कधीच मध्ये पडत नाही. हा त्याचा गुण की दोष, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तर आम्ही जळगावच्या दुकानात उभे होतो. दुकानदाराने तीन तऱ्हेची केटलबेलं काढली. एक साधं ओतीव लोखंडाचं, काळं आणि आटोपशीर. एक वरून प्लॅस्टिकचा लेप दिलेलं, दिसायला खेळण्यासारखं. आणि एक स्पर्धेचं, पोलादी, पिवळ्या रंगाचं, आकाराने चांगलं टरबुजाएवढं. भावाने लगेच काळ्यावर बोट ठेवलं. "हे बरं आहे, घरात जागा कमी खाईल."

मी त्याच्या हातातून पिवळं घेतलं आणि कामाला लागले. सरांनी सगळं पढवून पाठवलं होतं. साध्या लोखंडात वजन वाढलं की गोळा वाढतो. बारा किलोवरून सोळावर गेलात की मनगटावर टेकायची जागा बदलते आणि शिकलेलं सगळं पुन्हा शिकावं लागतं. स्पर्धेच्या केटलबेलचं तसं नसतं. आठ किलो असो की बत्तीस, बाहेरून आकार एकच, फक्त रंग वेगळा आणि पोटातली पोकळी कमीजास्त. म्हणून हाताला एकदा जागा कळली की ती कायमची. मी ते कानाशी धरून हलवलं. आत भर घातलेली असेल आणि ती सुटली असेल तर खुळखुळ वाजतं. हे गप्प होतं. मूठ आणि गोळा जिथे मिळतात तिथे बोट फिरवलं, कुठे जोड लागला नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं, मूठ. स्पर्धेच्या केटलबेलला मुठीवर रंग नसतो. नुसतं घासलेलं पोलाद. कारण ती मूठ दर फेरीला हातात गर्रकन फिरते. तिथे रंग असला तर हात घसरतो, खडबड असली तर कातडी सोलते. मी डोळे मिटून मुठीवरून तळहात फिरवला. कुठेही काहीही लागलं नाही. मला फार बरं वाटलं. भांडी, साड्या, सोनं, जावई, या सगळ्यांची पारख करताना आमच्या घरातल्या बायका कशा दिसायच्या ते मी पाहिलं होतं. त्या दिवशी मी बहुतेक तशी दिसत असेन.

"पण हे चोवीसचं बी एवढंच दिसते," भाऊ म्हणाला. शेजारी हिरवं ठेवलेलं होतं, त्याच्याकडे बघत. "आकार तोच. मंग हलकं कायले घ्यायचं?"

"कारण मला सोळाचं उचलायचंय."

"बहिणीले द्यायचं अन् हलकं द्यायचं? लोकं काय म्हनतीन?"

दुकानदार भावाकडे बघून म्हणाला, "साहेब, चोवीसचं घेतलं तर घरात तुम्हालाही वापरता येईल." मी त्याला विचारलं की साहेबांनी शेवटचा व्यायाम कधी केला असावा असं त्याला वाटतं. भाऊ मोठ्याने हसला. मग दुकानदारही हसला. आणि सोळाचं पिवळं ठरलं. मी जिंकले होते. एवढ्याशा गोष्टीला जिंकणं म्हणावं लागतं यातच सगळं आलं, पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मला तिथेच ते पिशवीत घालून धुळ्याची एसटी पकडायची होती.

भाऊ म्हणाला, "असं नाही. आखाजीले ये. चार लोकांत मानाने देऊ."

माहेरचा मान नाकारायची पद्धत आमच्याकडे नाही. केटलबेल त्याच्या गाडीच्या डिकीत गेलं. मी रिकाम्या हाताने धुळ्याला आले, तरी एरंडोल येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत होते.

आखाजीच्या आधी आठवडाभरावर आबांचं वर्षश्राद्ध झालं. मला रजा मिळाली नाही, मी सणालाच पोचले. अंगणात झोका बांधलेला, ओट्यावर घागर भरलेली, तिच्यावर खरबूज आणि दोन आंबे. जेवणं झाली. शेजारच्या बायका जमल्या. भावाने आतून एक पोतं उचलून आणलं, त्यावर वहिनीने हळदकुंकू वाहिलं. मायने माझ्या पदरात नारळ घातला. भावाने पोत्याचं तोंड सोडलं आणि केटलबेल माझ्यापुढे ठेवलं.

पिवळं होतं. सोळाचंच होतं. मी वाकून मूठ धरली, आणि तळहाताला काहीतरी टोचलं.

मुठीवर अक्षरं कोरलेली होती. वरच्या ओळीत, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. खाली, त्यांचे चिरंजीव तमुक यांजकडून सप्रेम भेट. मुठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरंच अक्षरं. भेट कोणाला, ते लिहायला जागा उरली नव्हती.

झालं होतं असं. वर्षश्राद्धाला भावाने गावात घरटी एक स्टीलचा डबा वाटला. तशी आमच्याकडे रीतच आहे. डब्यावर गेलेल्या माणसाचं आणि देणाऱ्याचं नाव घालून घेतात. नाव घालणारा आपलं मशीन घेऊन ओट्यावर दिवसभर बसला होता, कर्र कर्र करत. डब्यांच्या ढिगाशेजारी माझं केटलबेल होतं. गोळ्यावर नाव घातलं तर रंग उडतो, तेव्हा त्याने चकचकीत जागा शोधली, आणि ती जागा मूठ होती. भाऊ तिथे उभा राहून त्याला सांगत होता, "खोल घाल. डब्याचं जाते घासून घासून. हे नातवंडांपावेतो टिकलं पाहिजे." हे मला त्यानेच कौतुकाने सांगितलं.

मी काय म्हणणार होते? सगळ्या बायका वाकून वाचत होत्या. एकीने डोळ्याला पदर लावला. भावाचा चेहरा असा होता की, खरं सांगते, त्याच्यावर ओरडणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं झालं असतं. त्याने मनापासून केलं होतं. मला राग येतो तो याचाच सगळ्यात जास्त. वाईट बुद्धीने कोणी काही केलं तर माणूस त्याला चार शब्द सुनावू तरी शकतो.

"छान झालंय," मी म्हटलं.

धुळ्याला परत येताना कंडक्टर पिशवी सीटखाली सरकवायला गेला आणि "ताई, यात काय दगड आहे का?" म्हणाला. तिथून मी ते शेडमध्येच नेलं. सरांनी मुठीवर अंगठा फिरवला आणि बघतच राहिले. एरवी ते आमच्याशी साधं मराठी बोलत. भडकले की मात्र घरच्या अहिराणीवर येत.

"हाई काय शे? कोनी करं हाई?"

मी सांगितलं. ते खाली बसले. मला वाटतं त्यांना हसायचं होतं, पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते आवरलं. "याच्यावर सराव करशात तर हातनी बठ्ठी कातडी निंघी जाई," म्हणाले. बठ्ठी म्हणजे सगळी. मग शांतपणे, "कानस लावा. वरून पॉलिश पेपर मारा. दोन दिवसांचं काम आहे. मूठ परत पहिल्यासारखी होईल."

उपाय इतका सोपा होता. मी घरी येऊन कानससुद्धा काढून ठेवली. आणि मग मायला फोन केला. का केला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मला तिने "घास, पोरी," म्हणायला हवं होतं.

"काय वं?" ती म्हणाली. "तुह्या बापाचं नाव घासून टाकशीन? लोकं बापाचं नाव मिरवता, अन् तू त्याले कानस लावशीन?"

"माय, माझा हात कापला जातो त्याने."

"हाताले फडकं बांध."

फडकं बांधून, हातमोजे घालून ते धरता येत नाही, खेळात चालतही नाही, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. ती रडायला लागली होती. आबा जाऊन वर्षच झालं होतं. मलाही आबांची आठवण येत होती. ते कसेही असले तरी शेवटच्या आजारपणात त्यांनी माझाच हात धरून ठेवला होता, भावाचा नाही. मी कानस परत खोक्यात टाकली.

नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा एक सल्ला दिला. दुसरं विकत घे, म्हणाला. मी जळगावच्या दुकानात फोन लावला. माल पंजाबातून येतो, सोळाचं संपलंय, आता पावसाळ्यातच, असं उत्तर आलं. तोवर चाचणी होऊन गेली असती.

म्हणून मी त्याच मुठीवर सराव केला. चाळिशीतली, शिकली-सवरलेली, सरकारी नोकरी करणारी बाई रोज पहाटे आपल्या गॅलरीत आपल्या बापाच्या आणि भावाच्या नावावर तळहात घासत होती. पहिले काही दिवस नुसता लाल व्हायचा. मग बोटांच्या बुडाशी फोड आले. मग फोड फुटले. पोळ्या लाटताना पीठ जखमेत जायचं. कचेरीत शिक्का मारताना जीव कळवळायचा. सर म्हणायचे, "दखाडा हात." मी मूठ मिटून घ्यायचे. शेडमधलं केटलबेल ते रविवारी मला द्यायचे, तेव्हा ती गुळगुळीत मूठ हातात आली की रडू यायचं. रागाचं रडू. तोवर हाताची कातडी इतकी पातळ झाली होती की गुळगुळीत मूठही झोंबायची.

चाचणीच्या दिवशी जळगावच्या हॉलमध्ये पंखे होते पण हवा नव्हती. भाऊ आला होता. एकटा नाही, गाडी भरून माणसं घेऊन आला होता. सोबत केळीचे वेफर्स, पाण्याच्या बाटल्या, आणि पिशवीत एक हार. तो सगळ्यांना सांगत होता, "माह्या बहिणीले हे मीच दिलं, घरी याच्यावरच प्रॅक्टिस करते." जमेल त्याला मोबाइलमधला मुठीचा फोटो दाखवत होता.

आम्हाला संयोजकांचं केटलबेल मिळालं. पिवळं, सोळाचं, मूठ काचेसारखी. मी हाताला पांढरी पूड चोळली. पूड जखमेत गेली, डोळ्यांपुढे चमकलं. शिट्टी वाजली.

सुरुवात चांगली झाली. अंगाला सगळं येत होतं. दम होता, पाय होते, लय होती. शेजारच्या चौकटीतली बाई माझ्या मागे होती, हे पंचांच्या मोजण्यावरून कळत होतं. सरांनी हात बदलायची खूण केली, मी डावा घेतला, आणि दोन-तीन फेऱ्यांतच तळहातावरची खपली उचलली गेली. आधी ओलं लागलं. मग मूठ सरकायला लागली. रक्त आणि पूड यांचा चिखल झाला की कितीही आवळा, लोखंड हातात थांबत नाही. मी छातीशी थांबले. सर ओरडत होते, थांबा, श्वास घ्या. मी श्वास घेतला. दम भरपूर होता. हीच गोष्ट मला आजही झोपू देत नाही. मी दमले नव्हते. पुन्हा वर नेलं, आणि ते अर्ध्यावरून निसटलं आणि रबराच्या चटईवर धप्पकन पडलं.

पंचांनी हात आडवा केला. शेजारची बाई अजून उचलत होती. नियमाप्रमाणे मी तिथेच, माझ्या चौकटीत, ती संपेपर्यंत उभी राहिले. तिचे गुण माझ्या वर गेलेले मी ऐकले. राज्याला ती गेली. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ती चांगली खेळली.

बाहेर आल्यावर भावाने माझ्या पाठीवर हात ठेवला. हाराची पिशवी त्याने कोणाकडे तरी देऊन टाकली होती. "जाऊ दे," तो म्हणाला, अगदी मायेने. मग सोबतच्या माणसांकडे वळून, "ताकद कमी पडली. बाईमाणसाचं अंग किती साथ देईन? मी तं पहिलेच म्हटलं होतं, चोवीसचं घे, सवय झाली असती."

मी माझा तळहात त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिला आणि "अरे अरे," म्हणून खिशातला रुमाल काढून बांधून दिला. गाठ त्याने फार हळू मारली. ते रक्त आणि ती मूठ यांचा काही संबंध असेल हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आणि मी सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर मी काय बोलले असते याची मला भीती वाटली.

हात भरून यायला पावसाचे बरेच दिवस गेले. जखम बंद झाली त्या रविवारी मी खोक्यातून कानस काढली, गॅलरीत गोणपाट अंथरलं आणि केटलबेल मांडीत धरून बसले. आधी भावाचं नाव गेलं. ते लवकर गेलं. कैलासवासी हा शब्द लांब होता, त्याला वेळ लागला. आबांच्या नावाशी आल्यावर मी थांबले. चहा केला, प्याले, परत बसले. खोल घातलं होतं. कानस एकदा अक्षराच्या अर्ध्यावर गेली की मग ते अक्षर राहत नाही, नुसती एक रेघ राहते, आणि रेघेचं वाईट वाटत नाही. वाटेल असं मला वाटलं होतं. शेवटी पॉलिश पेपर मारला, ओल्या फडक्याने पुसलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. "मायला काय सांगशील?" त्याने विचारलं. मी म्हटलं, विचारलं तर सांगेन.

राखीला भाऊ धुळ्याला आला. मी ओवाळलं, राखी बांधली. श्रीखंड होतं. पानं वाढेपर्यंत तो गॅलरीत गेला, तिथे केटलबेल ठेवलेलं. त्याने ते उचललं आणि सवयीने मूठ उजेडाकडे केली. मग दुसरीकडून वळवून पाहिली.

"नाव कुठं गेलं?"

"घासलं."

"कोनी?"

"मी."

"आबाचं नाव घासलं तू?"

"हो," मी म्हटलं. "आता धरता येतं."

त्याने केटलबेल खाली ठेवलं, आपटलं नाही. मी सगळं सांगितलं, मुठीचं, कातडीचं, चाचणीचं. त्याने ऐकलं की नाही ते कळलं नाही, तो चपला घालत होता. "एवढ्यासाठी?" एवढंच म्हणाला, आणि जिना उतरून गेला. ताट तसंच राहिलं. नवऱ्याने पुऱ्यांवर झाकण ठेवलं. संध्याकाळी मायचा फोन आला. ती रागावली नाही. म्हणाली, "तो म्हनते, आता तिले आखाजीले बोलावून द्यायचं तरी काय?" आणि मग तिने धुळ्याकडे पाऊस कसा आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर दहा मिनिटं लावली. हाताला पूड चोळली. एकदाच हात बदलला. मोबाइल वाजेपर्यंत केटलबेल खाली ठेवलं नाही. दोन्ही तळहात कोरडे होते, कातडी जागच्या जागी होती. घरातलं कोणी अजून उठलेलं नव्हतं, आणि राज्य स्पर्धा होऊन गेली होती.